घरातल्या जुन्या बंदुकीचे फोटो कसे काढायचे: चार फुटी ट्यूब, बटर पेपर आणि मोबाईल

घरात आजोबांची दुनळी असेल, कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) असेल, नाहीतर वाड्याच्या भिंतीवर कंपनी सरकारच्या काळातली लांबलचक मस्केट, म्हणजे जुनी सैनिकी बंदूक, असेल, तिचे नीट फोटो काढून ठेवा हे मी भेटेल त्याला सांगत असतो. हौस आहेच, पण नुसती हौस नाही. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करायला लागतात, परत आल्यावर दस्त्याला नवीन चीर आहे की ती जुनीच होती हे फोटो नसेल तर कोण सांगणार. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं झालं, तेव्हा कितीतरी घरांतून तिसरी बंदूक गेली आणि तिचा एकही धड फोटो मागे राहिला नाही, असला तर दसऱ्याच्या पूजेतला, झेंडूच्या माळेखाली अर्धी झाकलेली. चोरी झाली, वाटणी झाली, दुरुस्तीला दिली, प्रत्येक वेळी नीट फोटो कामाला येतो.

आणि यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मागच्या पाचसहा वर्षांतला कुठलाही बरा मोबाईल, एक ट्रायपॉड, चार फुटी एलईडी बॅटन (शक्यतो दोन), बटर पेपरचा रोल, थर्माकोलच्या दोन शीट, काळा आणि करडा कार्डशीट, खोडरबर आणि एक छोटी टॉर्च. बॅटन घरात बहुतेक असतेच, बाकीचं स्टेशनरीच्या दुकानात मिळून जातं.

आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघा

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांच्या घरात (जिथे काडतूस बसतं तिथे) डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, काडतूस खोलीतच नको. ठासणीच्या बंदुकीचं मात्र असं उघडून बघता येत नाही आणि धोका तिथेच आहे, कारण जुनी ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेलीच भिंतीवर टांगून राहिलेली सापडते, काळी दारू कोरडी राहिली असेल तर ती आजही पेटते. तपासायची पद्धत सोपी आहे. गज (बंदुकीसोबतची ठासायची काठी) किंवा सरळ लाकडी काठी नळीत तळापर्यंत हळूच सोडायची, नळीच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून धरायची, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक बत्तीच्या भोकापर्यंत (नळीच्या मागच्या टोकाचं, दारू पेटवायचं छिद्र) किंवा निपलच्या (घोडा ज्या छोट्या बोंडावर पडतो ते) खालपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोनतीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, ठासलेली दारू असेल, चिंध्या असतील, कुंभारमाशीचं घर असेल, काही का असेना, खरवडायला जाऊ नका, फोटो राहू द्या आणि परवानाधारक बंदूकवाल्याला बोलवून दाखवा.

रिकामी आहे हे पक्कं झालं तरी नळीचं तोंड माणसाकडे नको, पोरंटोरं खोलीबाहेर, आणि फोटोत छान दिसतो म्हणून घोडा पूर्ण चढवून ठेवू नका. शंभर दीडशे वर्षांची कमान (स्प्रिंग) आहे ती, तुटली की तशी मिळत नाही. घोडा उतरवताना निपलवर आपटू द्यायचा नाही, अंगठ्याने धरून हळू खाली आणायचा.

परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस तिथे हजर पाहिजे आणि फोटो त्याच्याच घरी काढायचे, बंदूक गाडीत घालून मित्राच्या स्टुडिओत न्यायची नाही. परवान्याचाच घोळ असेल, वडील गेले आणि कागद बदललेच नाहीत असं असेल, तर आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या ऑफिसातलं ते काम उरका, फोटो नंतर.

पुसायचं किती

थोडंच. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही बंदुकीला लावायचं नाही. नळीवरचा तो जुना तपकिरी थर म्हणजे तिचं वय आहे, संग्राहक त्यालाच किंमत देतो, एकदा घासून चकचकीत केली की गेलं ते, परत येत नाही. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, तेलाचा चिकट थर असेल तर तो टिपून घ्या कारण तेल फोटोत पांढरे ठिपके पाडतं आणि धूळ धरतं. कोरीवकामातली धूळ मऊ ब्रशने काढा, रंगकामाचा नवा कोरा ब्रश चालतो. पूजेचं हळदकुंकू खाचांमधे बसलेलं असतं, तेही ब्रशनेच काढायचं, पाणी लावायचं नाही. हातात नायट्राईलचे मोजे घाला, मेडिकलमधे मिळतात, सुती मोज्यांतून गुळगुळीत दस्ता सटकतो. उघड्या हाताच्या घामात मीठ असतं आणि बोटांचे ठसे काही दिवसांनी गंजाच्या रूपात वर येतात, पावसाळ्यात तर लगेचच.

बंदूक कशी ठेवायची

जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर करडा मॅट कार्डशीट अंथरा. कार्डशीट लांबीला पुरत नाही, दोन जोडा, जोड दस्त्याखाली लपेल असा घ्या. चादर नको, सुरकुत्या दिसतात. घोंगडी दिसायला भारी वाटते, माहिती आहे, पण तिचे केस स्क्रूच्या खाचेत अडकतात आणि लोखंडाला चिकटून बसतात, मग एडिटिंगमधे एकेक काढत बसा. मखमल तर नकोच, जत्रेतल्या फोटोवाल्याकडे काढल्यासारखं दिसतं. पांढऱ्यावर काळी नळी ठेवली तर कॅमेरा गोंधळतो आणि काळ्यावर नळीची कडच हरवते, म्हणून करडा.

आता खोडरबर. बंदूक सरळ कागदावर ठेवली की तिच्या खाली घट्ट काळी सावली पडते आणि कागदाचा पोत तेवढाच शार्प दिसतो. नळीखाली दोन आणि दस्त्याखाली दोन असे खोडरबर एकावर एक रचून बंदूक दोन-तीन सेंटीमीटर वर उचला, वरून दिसणार नाहीत असे आत सरकवा. सावली मऊ होते, मागचं जरा धूसर होतं आणि बंदूक सपाट राहते, एका बाजूला कलंडत नाही. दस्ता रुंद आणि नळी बारीक असल्यामुळे नळीकडे एखादं खोडरबर जास्तच लागतं. घोडा आणि लॉक (घोडा चालवणारी यंत्रणा) उजव्या बाजूला असतात, म्हणून मुख्य फोटो उजव्या बाजूचा, म्हणजे फोटोत नळीचं तोंड उजवीकडे येईल. जुन्या दुनळीत बहुधा दोन्हीकडे लॉक असतात, तिथे दोन्ही बाजू सारख्याच मन लावून काढा.

उजेड, म्हणजे खरं काम

लोखंड स्वतःचा रंग फार कमी दाखवतं, समोर जे असेल ते परत दाखवतं. खिडकी असेल तर खिडकी, तुमचा लाल टीशर्ट असेल तर टीशर्ट. मोबाईलचा फ्लॅश मारला की नळीवर एक पांढरा जाळ आणि बाकी सगळं काळं येतं ते यामुळेच. त्यामुळे बंदुकीवर उजेड किती पाडायचा यापेक्षा बंदुकीच्या समोर काय ठेवायचं हा विचार करायचा. फ्लॅश कायमचा बंद.

नळी गोल आहे, तिच्यावर उजेडाची एक लांब रेघ उमटते. ती रेघ तोंडापासून लॉकपर्यंत अखंड आणि मऊ आली की फोटो अर्धा जिंकला. उजेडाचा स्रोत बंदुकीपेक्षा आखूड असेल तर रेघ मधेच तुटते, आणि छोट्या बल्बची तर नुसती टिकली दिसते, म्हणून मी बल्ब सोडून बॅटन वापरायला सांगतो. साधारण दुनळी चार फुटांच्या आसपास, बॅटनही चार फुटी. पण कॅमेरा मधोमध वर असतो त्यामुळे टोकाकडची रेघ पकडायला उजेड बंदुकीच्या थोडा पुढेपर्यंत गेलेला लागतो, तेव्हा दोन बॅटन एका रेषेत टोकाला टोक लावून ठेवा, नाहीतर एकच ठेवून दोन्ही टोकांना पांढरा थर्माकोल उभा करा. कंपनीची मस्केट साडेचार फुटांच्या वर जाते, तोड्याची (जळत्या वातीने पेटवायची) बंदूक कधी त्याहूनही लांब असते, तिथे दोन बॅटनला पर्याय नाही.

बॅटन बंदुकीला समांतर, नळीच्या वरच्या अंगाला, तिच्यापासून दीड-दोन फूट दूर आणि साधारण एक फूट उंच ठेवायची. तिच्या आणि बंदुकीच्या मधे बटर पेपर टांगायचा, दोन खुर्च्यांच्या पाठींना दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी. पेपर बॅटनला चिकटवू नका, सात-आठ इंच अंतर ठेवा, म्हणजे पेपरवर उजेड कडेला विरत जातो आणि नळीवरची रेघसुद्धा तशीच विरत जाते, त्यानेच नळी गोल दिसते. समोरच्या अंगाला, म्हणजे चापाच्या बाजूला, थर्माकोल आडवा उभा करा, दस्त्याच्या सावलीतलं लाकूड उघडं होतं. थर्माकोल फार जवळ आणला तर बंदूक चपटी दिसायला लागते, पुढेमागे करत मोबाईलच्या स्क्रीनवर बघत राहा, इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायचा आहे.

खिडकीचा उजेडही उत्तम, उत्तरेची असेल तर फारच छान. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स. फक्त दमट हवेत बंदूक तासनतास उघडी ठेवू नका. आणि खिडकी किंवा बॅटन, दोन्हीपैकी एकच. दोन रंगांचे उजेड मिसळले की नळी निळी आणि दस्ता पिवळा येतो, मग एडिटिंगमधे एकाला सुधारलं की दुसरं बिघडतं. खोलीतले बाकीचे दिवे बंद, पडदे ओढलेले.

स्वस्त बॅटन डोळ्यांना दिसत नाही पण लुकलुकते, फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवलं की बहुतेक वेळा जातात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

काळा कार्डशीट कशाला ते आता सांगतो. लॉकप्लेट, म्हणजे लॉकची बाहेरची लोखंडी पट्टी, सपाट असते आणि वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ती छत, तुमचा चेहरा, मोबाईलची काळी चौकट सगळं दाखवते. कार्डशीटला मोबाईलच्या लेन्सएवढं भोक पाडा आणि तो मोबाईलपुढे धरा किंवा टेपने लावा. सगळी प्रतिबिंबं जातात, प्लेट शांत गडद होते आणि तिच्यावरचं काम वर येतं. प्लेट जास्तच काळी पडली तर कार्डशीटऐवजी भोक पाडलेला करडा कागद लावून बघा. याच काळ्या शीटच्या दोन बोटं रुंद पट्ट्या नळीच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर ठेवल्या तर नळीला एक बारीक गडद कड मिळते आणि ती मागच्या करड्यातून सुटून दिसते.

पोलरायझर फिल्टरवर खर्च करायच्या आधी एवढं ऐका: उघड्या धातूवरची चमक त्याने जात नाही. दस्त्याच्या वॉर्निशवरची जाते, पाण्यावरची, काचेवरची जाते, लोखंडाची नाही.

रंगातलं आणि खोलीतलं

जुन्या बंदुकीवर बघण्यासारख्या गोष्टी दोन जातीच्या असतात. काही रंगात असतात, म्हणजे पृष्ठभाग सपाट पण छटा वेगवेगळ्या: दमास्कस नळीवरची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या एकत्र वळवून केलेली नळी) ती पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा, कोफ्तगिरीची, म्हणजे लोखंडात ठोकून बसवलेली, सोन्याचांदीची तार. काही खोलीत असतात: कोरलेली वेलबुट्टी, ठोकलेले शिक्के, दस्त्यावरची चौकडी, गंजाचे खड्डे. रंगातल्या गोष्टीला मोठा मऊ उजेड पाहिजे आणि खोलीतल्या गोष्टीला लहान, खालून घासत जाणारा तिरका उजेड. लोक नेमकं उलटं करतात, दमास्कसवर टॉर्च मारतात आणि शिक्क्याचा फोटो ढगाळ खिडकीत काढतात, मग दोन्ही दिसत नाही.

शिक्क्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण ओळख त्यांनीच पटते. बॅटन बंद करा, खोली अंधारी करा, मोबाईल ट्रायपॉडवर शिक्क्याच्या बरोबर वर. टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा, दहा पंधरा अंशांवर, आणि एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून, एक खालून. चारही ठेवा. समजा ईस्ट इंडिया कंपनीच्या मस्केटची लॉकप्लेट आहे. १८०८ पासून कंपनी त्यावर सिंहाचा शिक्का मारायची, मागच्या पायांवर उभा सिंह, पुढच्या पंजांत मुकुट, त्याआधी पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा शिक्का असायचा. दोनशे वर्षं पुसपास होऊन सिंह नुसता एक डाग झालेला असतो. टॉर्च एका बाजूने धरली की पाठीची कमान आणि शेपूट उठते पण मुकुट गायब, दुसऱ्या बाजूने धरली की पंजे आणि मुकुटाचे दोन दात दिसतात आणि शेपूट गायब. खोबणीची जी भिंत उजेडाकडे तोंड करून असते तीच चमकते, म्हणून एका फोटोत पूर्ण सिंह सापडत नाही, चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की सापडतो.

दुनळीचे शिक्के नळ्यांच्या खालच्या अंगाला, लॉकजवळ असतात, नळ्या उतरवून बघाव्या लागतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस (नळी टिकते का ते तपासून शिक्का मारणारी संस्था) १८१३ च्या कायद्याने सुरू झालं, तिथल्या जुन्या शिक्क्यांत मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांवर आडवे असतात. बेल्जियमच्या लिएजच्या बंदुकांवर लंबगोलात ईएलजी अशी अक्षरं. आपल्याकडच्या संस्थानी शस्त्रांवर कधी ठिपके ठोकून लिहिलेली देवनागरी अक्षरं आणि आकडे असतात, बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर तसे असतात, ते वाचायलाही तिरकाच उजेड. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा टाल्कम चोळायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, ती पूड खाचेत राहते आणि ओल धरते.

दमास्कस मात्र परत बॅटन आणि बटर पेपरखाली. नळी जरा जरा फिरवत राहा, एका ठिकाणी रेघेच्या कडेला, जिथे उजेड विरतो तिथे, नक्षी सगळ्यात स्पष्ट दिसते. फोकस तिथे.

मोबाईलची सेटिंग

लेन्सची काच आधी पुसा, निम्मे धूसर फोटो तिथेच सुधारतात. वाईड लेन्स वापरू नका, टोकं ताणली जातात आणि दस्ता अवाढव्य दिसतो. दोनपट किंवा तीनपटची वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती घ्या आणि लांब व्हा, म्हणजे स्टूलवर चढा किंवा बंदूक जमिनीवर ठेवून ट्रायपॉड पलंगावर लावा. ट्रायपॉडला दोरीने बांधा बाबा, तो बंदुकीवर पडायला नको. ग्रिड चालू करा, मोबाईल अगदी सपाट खाली बघतोय ना ते बघा, बऱ्याच मोबाईलमधे त्यासाठी अधिकच्या दोन खुणा येतात, त्या (+) एकमेकांवर बसल्या की सपाट.

प्रो मोड असेल तर आयएसओ १०० च्या आसपास, रॉ (मोबाईलने न सुधारलेली कच्ची फाईल) चालू, व्हाईट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) फिक्स. नसेल तर स्क्रीनवर लॉकच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात, मग उजेड थोडा कमी करा, नळीवरची रेघ पूर्ण पांढरी फुटायला नको. गडद भाग नंतर उचलता येतो, फुटलेला पांढरा परत येत नाही. दोन किंवा तीन सेकंदांचा टायमर लावा, बोट लावलं की मोबाईल हलतोच. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी ॲपर्चर एफ ८ ते ११.

पहिल्या फोटोत बंदुकीशेजारी करड्या कार्डाचा तुकडा ठेवा, रंग नंतर त्यावरून जुळवायचा. प्रिंटरचा पांढरा कागद त्याला तितकासा चालत नाही, त्यात चमक आणणारं रसायन असतं, त्याने कागदच थोडा निळसर येतो आणि त्यावरून जुळवलेला रंग चुकतो. एका फोटोत मापाची पट्टीही असू दे, पण कागदाची, स्टीलची फुटपट्टी नळीवर ओरखडा काढते.

बंदूक लांब आणि फ्रेम आखूड, त्यामुळे एका फोटोत पूर्ण घेतली की वरखाली नुसती रिकामी जागा आणि बंदूक काडीएवढी. ओळखीपुरता तसा एक फोटो घ्याच. बारकाव्यांसाठी तुकड्यांत काढा: मोबाईलची उंची तीच, एक्स्पोजर लॉक, आणि मोबाईल न फिरवता बंदुकीच्या रेषेत सरळ सरकवत चारपाच फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा साधारण ४० टक्के भाग यायला हवा. मोबाईलचा पॅनोरमा मोड इथे चालत नाही, नळी केळ्यासारखी वाकडी येते. हे तुकडे कॉम्प्युटरवर हगिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे जोडता येतात.

काय काय काढायचं: दोन्ही बाजू पूर्ण, वरून, खालून, लॉक जवळून, चाप आणि त्याची कडी, नळीचं तोंड समोरून (कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर लावून, तुम्ही बाजूला), माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा), दस्त्याचं टोक, सगळे शिक्के, गज, आणि तोडा, बारूददान, गोळ्यांचा साचा असं काही सोबत असेल तर ते. नुकसान मुद्दाम काढा. चीर, पिना ठोकून केलेली जुनी दुरुस्ती, गंज, बदललेला स्क्रू. बंदुकीचा इतिहास तिथेच लिहिलेला असतो आणि पोलीस ठाण्यातून परत आल्यावर तुलना करायला नेमके हेच फोटो लागतात.

एडिटिंग

मोबाईलवर स्नॅपसीड पुरतं, ते डीएनजी (रॉ) फाईलही उघडतं. कॉम्प्युटरवर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, आणि गिंप, सगळे फुकट. आधी करड्या कार्डावर क्लिक करून रंग जुळवा आणि तेच सेटिंग त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना लावा. मग नळीच्या रेषेवरून फोटो सरळ करा, जरासा तिरका राहिला तरी डोळ्याला खुपतो. मग एक्स्पोजर, सावल्या थोड्या उचला, चमक थोडी खाली. स्ट्रक्चर किंवा क्लॅरिटी नावाचा स्लायडर असतो, तो बंदुकीवर फार मोहात पाडतो, पंधराच्या पुढे नेला की लाकूड प्लास्टिकचं आणि साधी धूळ गंजासारखी दिसायला लागते. रंग जास्त गडद करू नका, निळसर झाक असलेली नळी निळी करायची नसते.

हीलिंगचं टूल फक्त मागच्या कागदावरच्या धुळीसाठी आणि केसांसाठी. बंदुकीवर ते फिरवायचं नाही, एकही खड्डा, एकही ओरखडा पुसायचा नाही. आणि फोटो आपोआप सुधारणारे एआयवाले बटण तर अजिबात नको. धूसर अक्षरं ते स्वतःच्या मनाने पूर्ण करतं, पुसट शिक्क्याच्या जागी सुबक पण खोटा शिक्का बनवतं, आणि मग तो फोटो बघून कुणीतरी बंदुकीचं साल ठरवतं. काही मोबाईल फोटो काढतानाच झूममधे हे करतात, म्हणून शिक्के झूम करून काढण्यापेक्षा मोबाईल जवळ नेऊन किंवा मॅक्रो मोडमधे काढलेले बरे, आणि रॉ असेल तर प्रश्नच नाही.

पाहण्यासाठी एक चांगली सवय लावा. लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाची आणि लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाची भारतीय शस्त्रं त्यांच्या वेबसाईटवर मोठ्या फोटोंत बघता येतात, नळीवरची उजेडाची रेघ कुठून कुठे जाते तेवढंच बघा. पुण्यात केळकर संग्रहालयात गेलात तर काचेतल्या हत्यारांवर दिवे कुठून पडलेत आणि त्यामुळे काय दिसतं, काय दिसत नाही ते बघा. तासाभरात डोळा बराच तयार होतो.

टाकायचे कुठे, ठेवायचे कुठे

मूळ फाईल वेगळी आणि शेअर करायची वेगळी. शेअर करायच्या फाईलमधे बंदुकीवरचा नंबर झाका, लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास, जेपीजी, एसआरजीबी, आणि लोकेशन काढून टाकलेलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन जातं पण क्वालिटीही जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर क्वालिटी राहते आणि घराचं लोकेशनही सोबत जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. घरात कुठली बंदूक आहे आणि घर कुठे आहे या दोन गोष्टी एकत्र कुणाच्याही हातात द्यायच्या नाहीत. भिंत, खिडकीबाहेरचा रस्ता, देव्हारा फ्रेममधे नको. हातात बंदूक धरून, खांद्याला लावून काढलेले फोटो आणि रील टाकू नका, दहशत पसरवली म्हणून पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि या सगळ्या कामाचा त्याच्याशी काही संबंधही नाही. शंभर वर्षांच्या वरची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो, परदेशातल्या कुणाला फोटो बघून ती हवी झाली तरी ती बाहेर पाठवता येत नाही. देशातल्या देशात द्यायची तरी परवान्याची परवानगी लागते, फोटो टाकून किंमत विचारत बसू नका.

फोटो झाले की लगेच बंदूक पुसा, हलकं तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाईन वॅक्सचा अगदी पातळ हात धातूवरून फिरवा आणि तिच्या जागी ठेवा, चामड्याच्या गवसणीत नको, चामडं ओल धरतं.

मूळ फाईली दोन ठिकाणी, एक हार्डडिस्कवर आणि एक घराबाहेर कुणा नातेवाईकाकडे किंवा क्लाऊडवर. फाईलच्या नावात तारीख, बंदुकीचं नाव आणि बाजू लिहा, आयएमजी चार आकडी नंबर असं राहू देऊ नका. सोबत एक साधी नोंद: एकूण लांबी, नळीची लांबी, तोंडाचा व्यास, वजन, शिक्के जसे दिसले तसे, कुणाकडून आली, घरातली म्हातारी माणसं तिच्याबद्दल काय सांगतात. ते शेवटचं आत्ताच विचारून घ्या. सहासात फोटो प्रिंट करून त्यांच्या मागे पेन्सिलने ही माहिती लिहा आणि परवान्याच्या झेरॉक्ससोबत त्याच फाईलमधे लावा.